हातात चेंडू नसताना

२७ ऑक्टोबर १९९१. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात, मेट्रोडोम या छताखालच्या मैदानावर बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजचा सातवा आणि निर्णायक सामना चालू होता. यजमान मिनेसोटा ट्विन्स, समोर अटलांटा ब्रेव्ज. आठवा डाव, दोन्हीकडे शून्य धावा, आणि या डावात अजून कुणी बाद झालेले नाही. अटलांटाचा लॉनी स्मिथ पहिल्या बेसवर होता. पिचरने चेंडू टाकायला सुरुवात करताच तो दुसऱ्या बेसकडे पळत सुटला. मागे टेरी पेंडलटनने मारलेला फटका डावीकडच्या मोकळ्या जागेतून थेट भिंतीकडे गेला. आधीच सुटलेला रनर अशा फटक्यावर सहसा तिसरा बेस ओलांडून घरी पोचतो, म्हणजे धाव पुरी करतो. स्मिथ मात्र दुसऱ्या बेसपाशी मंदावला, बेसच्या पुढे काही पावलांवर जाऊन थांबला, मान वळवून शोधू लागला, आणि मग पळाला तो तिसऱ्या बेसपर्यंतच.

त्याच वेळी ट्विन्सचा दुसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक चक नॉब्लॉक काय करत होता? मोठ्या लीगमधले त्याचे हे पहिलेच वर्ष. चेंडू त्याच्यापासून कितीतरी दूर गेला असताना तो वाकला, जमिनीवरून सरपटत आलेला चेंडू उचलल्यासारखे त्याने केले, आणि शॉर्टस्टॉप ग्रेग गॅग्नीकडे तो फेकल्यासारखा हात हलवला. गॅग्नीही बेसवर तो चेंडू घ्यायला आल्यासारखा आला. दोघांच्याही हातात काही नव्हते.

यानंतर अटलांटाला धाव मिळाली नाही. रॉन गँटचा फटका पहिल्या बेसवरच अडवला गेला आणि तो बाद झाला. डेव्हिड जस्टिसला ट्विन्सने मुद्दाम चालत पहिला बेस देऊ केला. सिड ब्रीमच्या फटक्यावर दोघे एकदम बाद झाले. दहाव्या डावात ट्विन्सने एकच धाव केली आणि सामना व सीरिज दोन्ही जिंकल्या. तेव्हापासून हा प्रसंग बेसबॉलच्या कथनपरंपरेत एका ठरलेल्या रूपात सांगितला जातो: नवख्या पोराने अनुभवी माणसाला बनवले.

या ठरलेल्या रूपाविषयी मला शंका आहे. तिचा संबंध खेळाच्या तंत्राशी जेवढा आहे, तेवढाच फसवणूक या गोष्टीकडे वाचक म्हणून आपण कसे पाहतो याच्याशीही आहे. म्हणून एका वाङ्मयीन नियतकालिकात बेसबॉलविषयी लिहितो आहे.

बेसबॉलमध्ये या प्रकाराला 'डीक' म्हणतात. 'डिकॉय' या शब्दाचे हे आखूड रूप. डिकॉय म्हणजे शिकाऱ्याने पाण्यावर ठेवलेले लाकडी बदक. मराठीत आपल्याकडे याहून चांगला शब्द आहे: हूल. कबड्डीत चढाई करणारा हूल देतो. आणि गावात उठलेल्या खोट्या बातमीलाही आपण हूलच म्हणतो. अंगाने केलेली खोटी हालचाल आणि तोंडोतोंडी पसरलेली खोटी वार्ता या दोहोंना भाषेने एकच शब्द दिला आहे. नॉब्लॉकने जे केले ते दोन्ही अर्थांनी हूल होती. त्याचे शरीर एक बातमी देत होते.

ही बातमी कुणाला आणि का लागू पडते, हे कळण्यासाठी रनरची अडचण समजून घ्यावी लागते. क्रिकेटमध्ये धावणाऱ्या दोघांपुढे वाट एकच असते आणि मागे फिरण्याचा निर्णयही बहुधा दोघे मिळून घेतात. बेसबॉलच्या रनरला एकट्याने आणि पळता पळता अर्थ लावावा लागतो, आणि त्याच्यापुढचे अर्थ एकमेकांच्या उलट असतात. चेंडू हवेत असेल आणि झेलला गेला, तर त्याला मूळ बेसला परत जाऊन स्पर्श करावा लागतो. न केला तर तो बाद. चेंडू जमिनीवरून गेला, तर पहिल्या बेसवरच्या रनरला पुढे पळावेच लागते, कारण मागून बॅटर त्याच्या जागेवर येत असतो. आणि फटका दूर मोकळ्यात पडला, तर जितके बेस घेता येतील तितके घ्यायचे. परत फिरा, घसरत बेस गाठा, किंवा वेग न सोडता वळा: ही तीन वाचने, आणि निवड करायला जेमतेम एक-दोन सेकंद. त्यातही चेंडू त्याच्या पाठीमागे किंवा बाजूला असतो. म्हणून तो चेंडूऐवजी माणसे वाचतो. समोरचा क्षेत्ररक्षक कुठे बघतो आहे, कुणाचा हात कसा उठला आहे, तिसऱ्या बेसजवळ उभा असलेला आपला प्रशिक्षक काय खुणावतो आहे. हूल देणारा याच वाचनात हात घालतो.

आता १९९१ च्या प्रसंगाकडे परत येऊ. स्मिथने नंतर सांगितलेली बाजू अशी की नॉब्लॉकच्या हावभावांना तो भुलला नव्हता. फटका लागताना त्याने वळून पाहिले नाही आणि चेंडू कुठे गेला हे त्याला दिसले नाही, म्हणून तो थांबला. पराभूत माणसाची सारवासारव म्हणून हे बाजूला सारणे सोपे आहे. पण चित्रफितीतला पुरावा त्याच्या बाजूने बोलतो. नॉब्लॉकच्या सोंगावर त्याचा पूर्ण विश्वास बसला असता, तर दुसऱ्या बेसवर आपण बाद होणार असे समजून त्याने घसरत बेस गाठला असता. जमिनीवरच्या फटक्याला रनरचे उत्तर तेच असते. तो घसरला नाही. तो उभाच राहिला, आणि बेसच्या पुढे जाऊन थांबला. जो खोट्यावर विश्वास ठेवतो तो असे करत नाही. खरे काय ते न कळलेला माणूस असे करतो.

मराठीत यासाठीही एक शब्द आहे. रात्री ओळखीच्या रानात वाट हरवून माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, तेव्हा 'चकवा लागला' म्हणतात. चकवा लागलेल्याला कुणी खोटे सांगितलेले नसते. त्याच्या खुणा फक्त पुसल्या गेलेल्या असतात. स्मिथला हूल बसली नव्हती, चकवा लागला होता, असे मी म्हणेन.

मग नॉब्लॉकचे सोंग वाया गेले का? तसेही नाही, आणि मला या प्रसंगात हेच महत्त्वाचे वाटते. हूल यशस्वी व्हायला समोरच्याने खोटे खरे मानण्याची गरज नसते. खरे उशिरा कळले की पुरते. ज्या दोन सेकंदांत स्मिथला चेंडू सापडायला हवा होता, त्या दोन सेकंदांत त्याच्या डोळ्यांसमोर दोन माणसे चुकीची गोष्ट सांगत होती. त्याने ती मानली नसेल. पण त्याला हवी असलेली गोष्ट सांगणारे तिथे दुसरे कुणी नव्हते. अफवेचेही असेच असते. अफवा ऐकून सगळे तिच्यावर विश्वास ठेवतात असे नाही; पुष्कळजण नुसते थांबतात, आणि अफवा उठवणाऱ्याला तेवढेच हवे असते.

हे मान्य केले तर ठरलेल्या कथेची घडण उघडी पडते. त्या कथेला एक कर्ता हवा असतो आणि एक मूर्ख. नॉब्लॉक कर्ता झाला. गॅग्नी, ज्याच्याशिवाय ते सोंग अर्धेच राहिले असते, तो बहुतेक वेळा गाळला जातो. मूर्खाची जागा स्मिथकडे गेली. वास्तविक त्या आठव्या डावात, दुसऱ्या व तिसऱ्या बेसवर रनर आणि एकही बाद नाही अशा स्थितीत, अटलांटाच्या पुढच्या बॅटरांना एक धाव काढता आली नाही. जॅक मॉरिसने त्या दिवशी दहाही डाव एकट्याने पिच केले आणि एकही धाव दिली नाही. पण 'मॉरिसने अडचणीतून वाट काढली' यापेक्षा 'स्मिथ फसला' हे वाक्य आटोपशीर आहे, म्हणून तेच टिकले. स्मिथ हा फिलाडेल्फिया (१९८०), सेंट लुईस (१९८२) आणि कॅन्सस सिटी (१९८५) या तीन वेगवेगळ्या संघांबरोबर वर्ल्ड सीरिज जिंकलेला खेळाडू. एवढी कारकीर्द असलेल्या माणसाचे नाव निघाले की अजूनही पुष्कळांना आधी ती दोन-चार पावले आठवतात. फसवणुकीच्या गोष्टी सांगताना आपण फसवणाऱ्याच्या कौशल्याला दाद देतो आणि फसलेल्याला किंमत चुकवायला लावतो. या दादेचा हिशेब तपासणे हे समीक्षेचे काम आहे असे मी मानतो.

त्यासाठी आधी एक प्रश्न सोडवायला हवा. कोणती फसवणूक खेळाचा भाग, आणि कोणती रडीचा डाव? बेसबॉलने सव्वाशेहून अधिक वर्षे यावर डोके चालवले आहे, आणि त्याची उत्तरे वाचण्यासारखी आहेत.

लपवलेल्या चेंडूचा डाव सर्वांत जुन्या डावांपैकी. बेसवर रनर उभा आहे. आधीचा खेळ आटोपला असे सगळ्यांना वाटते आहे. क्षेत्ररक्षक चेंडू पिचरकडे परत न देता आपल्या ग्लव्हमध्येच ठेवतो आणि गप्प उभा राहतो. रनरने पुढच्या खेळाच्या तयारीत बेस सोडला की चेंडू त्याला टेकवून बाद. फ्लोरिडा मार्लिन्सच्या माइक लोवेलने २००४ आणि २००५ अशी लागोपाठ दोन वर्षे तिसऱ्या बेसवर हा डाव साधला. इथे नाटक जवळजवळ नसतेच. असते ती फक्त शांतता. पण नियमाने या शांततेला एक मर्यादा घातली आहे. हातात चेंडू नसताना पिचर आपल्या पिचिंगच्या पट्टीवर उभा राहिला, तर तो 'बॉक' ठरतो आणि रनरांना एकेक बेस बहाल होतो. म्हणजे चेंडू लपवताना पिचरला पट्टीपासून दूर राहावेच लागते. सावध रनरसाठी ही खूण मैदानावर उघड पडलेली असते: पिचर पट्टीवर नाही तोवर बेस सोडायचा नाही. जो फसला त्याला ती दिसत होती, त्याने वाचली नाही.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट, गर्दीचे आणि गोंगाटाचे. १९८२ साली ओमाहा इथे कॉलेज वर्ल्ड सीरिजमध्ये मायामी विद्यापीठाचा सामना विचिटा स्टेटशी होता. विचिटाचा फिल स्टीव्हन्सन त्या हंगामात ८७ बेस चोरलेला रनर; तो पहिल्या बेसवर होता. मायामीच्या पिचरने पट्टीवरून पाय काढला आणि पहिल्या बेसकडे चेंडू फेकल्याचे सोंग केले. पहिल्या बेसवरच्या खेळाडूने निसटलेल्या चेंडूसाठी जमिनीवर झेप घेतली. क्षेत्ररक्षक त्या नसलेल्या चेंडूमागे धावले. मैदानाबाहेर बसलेले राखीव खेळाडू उठून बोटे दाखवत ओरडू लागले. बेसकडे परत झेपावलेला स्टीव्हन्सन उठला, हे सारे पाहून दुसऱ्या बेसकडे पळाला, आणि पिचरने ग्लव्हमधला चेंडू शांतपणे तिकडे फेकून त्याला बाद केले. मायामीने तो सामना एका धावेने जिंकला आणि पुढे विजेतेपदही. 'ग्रँड इल्यूजन' या नावाने हा डाव प्रसिद्ध आहे, आणि तो आधी सराव करून बसवलेला होता.

आंगिक आणि वाचिक असे दोन्ही अभिनय इथे आहेत, पण प्रेक्षकाची जागा विचित्र आहे. नाट्यगृहात प्रेक्षकाला समोर नाटक चालले आहे हे माहीत असते. त्या माहितीवरच रस उभा राहतो. इथे ज्याच्यासाठी प्रयोग होतो त्या एकट्याला ते ठाऊक नसते, आणि प्रयोग संपल्याखेरीज त्याला कळता कामा नये. हजारो लोकांनी भरलेल्या मैदानात नाटकाचा खरा प्रेक्षक एकच. तरीही नियमाने त्यालाही एक खूण दिली होती. पट्टीवर पाय ठेवून पहिल्या बेसकडे खोटी फेक करणे हा बॉक आहे, म्हणून पिचरला आधी पाय काढावा लागला. खोटे बोलण्याआधी त्याला नियमाने एक खरी हालचाल करायला लावली.

तिसरे उदाहरण बटाट्याचे आहे, आणि मला वाटते की सगळा वाद तिथे स्पष्ट होतो. ३१ ऑगस्ट १९८७ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट इथे, धाकट्या लीगच्या सामन्यात, कॅचर डेव्ह ब्रेस्नाहानने सोलून चेंडूसारखा केलेला बटाटा ग्लव्हमध्ये लपवून आणला. तिसऱ्या बेसवर विरोधी संघाचा रनर होता. ब्रेस्नाहानने तो बटाटा तिसऱ्या बेसच्या दिशेने असा फेकला की तो खेळाडूच्या आवाक्याबाहेरून मैदानात गेला. फेक चुकली असे समजून रनर निवांत घराकडे आला. तिथे ब्रेस्नाहान खरा चेंडू हातात घेऊन उभा होता. त्याने तो टेकवला. अंपायरने धाव मान्य केली. ब्रेस्नाहानला ५० डॉलर दंड झाला आणि दुसऱ्या दिवशी क्लबने त्याला काढून टाकले. पुढच्या वर्षी त्याच विल्यम्सपोर्टमध्ये त्याच्या ५९ क्रमांकाच्या जर्सीला समारंभपूर्वक निवृत्ती देण्यात आली. त्या दिवशी प्रवेशमूल्य एक डॉलर आणि एक बटाटा असे होते.

प्रेक्षकांना हा प्रकार का आवडला हे समजण्याजोगे आहे. हंगाम संपत आला होता, संघ तळाच्या आसपास होता, आणि बटाटा हसू आणणारी वस्तू आहे. पण प्रहसनाच्या बाहेर येऊन त्या रनरकडे पाहिले तर वेगळे दिसते. स्टीव्हन्सनने माणसे पाहिली, चेंडू पाहिला नाही. लोवेलच्या रनरने पिचरची पट्टी पाहिली नाही. या रनरने मात्र जे करायला हवे ते सगळे केले. कुणाच्या हावभावांवर विसंबून न राहता त्याने खुद्द वस्तू डोळ्यांसमोरून जाताना पाहिली, आणि मगच तो पळाला. तरी तो फसला, कारण खोटी होती ती वस्तूच. हावभाव, ओरडा, शांतता हे चेंडूविषयीचे बोलणे आहे. बटाटा चेंडूच्या जागी बसला. योग्य वाचन करणाऱ्यालाच ज्यात शिक्षा मिळते, ते खेळ म्हणून उरत नाही.

योगायोगाने याच ऑगस्ट १९८७ मध्ये फिलाडेल्फियाचा पिचर केव्हिन ग्रॉस याच्या ग्लव्हला चिकटवलेला सँडपेपर सापडला आणि त्याला १० दिवस निलंबित केले गेले. त्याने केलेले अपील नॅशनल लीगचे अध्यक्ष ए. बार्टलेट जियामाटी यांच्यापुढे आले. जियामाटी हे रेनेसांस काव्याचे अभ्यासक आणि येल विद्यापीठाचे माजी अध्यक्ष. त्यांनी दिलेला निकाल क्रीडाप्रशासनाच्या कागदांत क्वचित आढळणारे गंभीर गद्य आहे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: भांडणे, मारामाऱ्या या खेळाच्या ओघात, आवेगात घडतात, फसवेगिरी थंड डोक्याने, आधी ठरवून, लपूनछपून केलेली असते, आणि म्हणून ती खेळाच्या मुळावर येते.

निकाल योग्यच होता, पण त्यातला हा निकष मला अपुरा वाटतो. थंड डोके, पूर्वतयारी आणि लपवाछपवी या तिन्ही गोष्टी मायामीच्या डावातही आहेत. तो तर सराव करून बसवला होता. मग त्याला आपण कौशल्य म्हणतो आणि सँडपेपरला लबाडी, हे कशाच्या आधारावर? हेतूकडे पाहून हा भेद सापडत नाही. तो समोरच्याला काय उपलब्ध होते याकडे पाहून सापडतो. सँडपेपर चेंडूलाच बदलतो, आणि बॅटरला ते उघड्या डोळ्यांनी पडताळता येत नाही. त्या अर्थाने सँडपेपर बटाट्याच्या कुळातला आहे.

बेसबॉलच्या नियमांचा इतिहासही याला पुष्टी देतो. इनफील्ड फ्लायचा नियम १८९० च्या दशकातला. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर आहेत, दोनहून कमी बाद झालेले आहेत, आणि आतल्या मैदानात सहज झेलता येईल असा उंच फटका उडाला आहे. पूर्वी चलाख क्षेत्ररक्षक असा झेल मुद्दाम सोडत. रनर बेसला चिकटून राहिले तर झेल सोडून दोघांना बाद करायचे. पळाले तर झेल घेऊन दोघांना बाद करायचे. चेंडू सगळ्यांना दिसतो आहे, पण रनरपुढे बरोबर वाचन असे एकही नाही. म्हणून अंपायरने आधीच बॅटरला बाद घोषित करायचे, असा नियम आला. १९७५ साली विल्यम स्टीव्हन्स या कायद्याच्या विद्यार्थ्याने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विधिविषयक नियतकालिकात या नियमाच्या उगमावर एक छोटा, मिस्कील निबंध लिहिला, जो अमेरिकी कायद्याच्या अभ्यासकांत आजही प्रिय आहे. त्याचे म्हणणे असे की सभ्य गृहस्थांचा खेळ असताना जे संकेताने चालत होते, ते जिंकणे महत्त्वाचे झाल्यावर प्रकरणागणिक, कायद्यासारखे, नियमात आणावे लागले. मी यात एवढीच भर घालीन की प्रत्येक फसवणूक नियमात आणली गेली नाही. जिथे वाचणाऱ्याला वाटच उरत नव्हती, तिथे नियम आला. १९५० मध्ये एडी स्टँकी हा क्षेत्ररक्षक बॅटरच्या नजरेच्या रेषेत उभा राहून हात हलवू लागला, तेव्हा लीगने ते थांबवले. अंगावर येणाऱ्या वेगवान चेंडूसमोर बॅटरला दुसरीकडे पाहून खात्री करून घेण्याची सवड नसते.

वाङ्मयाच्या वाचकाला हा निकष ओळखीचा वाटेल. १९२६ साली अगाथा ख्रिस्तीच्या रॉजर ॲक्रॉइडच्या खुनावरील कादंबरीने वाचकाला ज्या रीतीने झुलवले, त्यावर असाच वाद झाला होता. तीनच वर्षांनी रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथाकारासाठी १० आज्ञा लिहिल्या. सापडलेला प्रत्येक धागा वाचकापुढे ठेवला पाहिजे, हे त्यांतले एक तत्त्व. अविश्वसनीय निवेदकाने वाचकाला फसवावे, पण पुरावा पानावर असावा. पान उलटून मागे गेलो तर तो सापडावा. नॉब्लॉकचे सोंग या कसोटीला उतरते: चेंडू सगळ्यांसमोर भिंतीकडे गेला होता, मान वळवली असती तर तो दिसला असता. बटाटा उतरत नाही.

पण वाचकाच्या आणि रनरच्या जोखमीत एक फरक आहे, आणि तो शरीराचा आहे. फसलेला वाचक पुस्तक मिटून हसतो. हातात चेंडू नसताना क्षेत्ररक्षकाने रनरला बाद करायला आल्याचे खोटे दाखवले, तर रनर ऐनवेळी, चुकीच्या अंतरावरून घसरतो, आणि घोटा किंवा गुडघा कायमचा जायबंदी होऊ शकतो. म्हणून अमेरिकेतील हायस्कूल बेसबॉलच्या नियमांत असे खोटे टॅग करणे हा अडथळा मानला जातो आणि रनरला बेस मिळतो. व्यावसायिक खेळात त्याला बंदी नाही. शिकणाऱ्याच्या शरीराला दिलेले हे संरक्षण मला योग्य वाटते. वाचनाची संधी आहे एवढ्याने फसवणूक न्याय्य होत नाही; चुकीच्या वाचनाची किंमतही खेळाच्या मापातली असावी लागते.

क्रिकेटने याबाबत उलटी वाट धरली आहे. एमसीसीने २०१७ मध्ये आणलेल्या नव्या संहितेत, क्षेत्ररक्षकाने शब्दाने किंवा कृतीने बॅटरला जाणूनबुजून विचलित करणे वा फसवणे हा अनुचित खेळ ठरवून ५ धावांचा दंड ठेवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्वीन्सलँडकडून खेळताना मार्नस लाबुशेनने चेंडू हुकलेला असताना तो फेकल्याचा आविर्भाव केला आणि संघाला हा दंड बसला. नॉब्लॉकने ज्यासाठी नाव कमावले, नेमकी तीच कृती. हा कायदा हेतूवर उभा आहे, आणि तिथेच तो डळमळतो. ४ एप्रिल २०२१ रोजी जोहान्सबर्गमध्ये पाकिस्तानचा फखर झमान १९३ धावांवर, शेवटच्या षटकात धावबाद झाला. यष्टिरक्षक क्विंटन डी कॉकने फेक दुसऱ्या टोकाला जाते आहे असा हात केला होता. फखर मंदावला, मागे पाहिले, आणि फेक त्याच्याच टोकाला आली. हूल होती की सहकाऱ्याला केलेली खूण, यावर कितीतरी दिवस चर्चा चालली. एमसीसीनेही हेतू ठरवणे अंपायरांचे काम असल्याचे सांगितले. स्वतः फखर म्हणाला की दोष त्याचाच. तो पलीकडच्या टोकाला धावणाऱ्या जोडीदाराकडे पाहत होता.

तीस वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या खेळांत, दोन माणसे जवळजवळ तेच सांगतात: मला कुणी फसवले नाही, माझे लक्ष भलतीकडे होते. आणि दोन्ही वेळा प्रेक्षकांना ते पटत नाही. आपल्याला फसवणूक हवी असते, कारण फसवणुकीला कर्ता असतो आणि क्षणभराच्या संभ्रमाला नसतो. फखरच्या बाबतीत कर्त्याला खलनायक केले गेले, स्मिथच्या बाबतीत नायक. नियम बदलला की भूमिका बदलते. संभ्रमात सापडलेल्या माणसाची साक्ष दोन्हीकडे सारखीच दुर्लक्षित राहते.

मी बेसबॉलच्या बाजूने कौल देतो, पण अटीवर. हेतू तपासण्यापेक्षा खुणा शाबूत आहेत का हे तपासणे अधिक प्रामाणिक आहे. चेंडू खरा असावा, तो दिसण्याची जागा मोकळी असावी, चुकल्याची शिक्षा एका बेसची किंवा एका धावेची असावी. एवढे असेल तर दोन रिकाम्या हातांनी कितीही गोष्टी सांगाव्यात. मात्र ती गोष्ट पुढे सांगणाऱ्यांवरही एक जबाबदारी येते. नॉब्लॉकच्या वाकण्याला दाद देताना गॅग्नीचे नाव घ्यावे, मॉरिसचे दहा डाव मोजावेत, आणि लॉनी स्मिथ घसरला नव्हता, उभा होता, हे एकदा नीट पाहावे.